कोपऱ्यातला जुना संगणक: फेकावा की राखावा?

नाशिक रोडचे नाव छपाईशी जोडले गेले ते टपाल तिकिटांच्या आणि नोटांच्या सरकारी छापखान्यांमुळे. नोटांची छपाई येथे १९२८ साली सुरू झाली. मात्र या उपनगराची रोजची छपाई चालते ती लहान छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, एखाद्या निवृत्त शिक्षकाचे आत्मचरित्र अशी कामे तेथे होतात. अशा ठिकाणी नव्या संगणकाशेजारी पिवळट पडलेला एक जुना संगणक अजूनही दिसतो. त्यावर विंडोज ९८ किंवा एक्सपी असते. दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात देण्याचा विषय निघतो आणि मागे पडतो. त्यामागे आळस असेलही. पण एक सबळ कारणही आहे.

मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली ती श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रणालींमधून आणि मजकुराची मांडणी होई पेजमेकरमध्ये. त्या काळच्या फॉन्टमध्ये अक्षरांसाठी जेमतेम २५६ जागा असत. देवनागरीची जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या हे सर्व तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले जात आणि कोणता तुकडा कोठे बसवायचा हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरते ठरवी. म्हणून श्रीलिपीत केलेली फाइल आकृतीच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही आणि मूळ फॉन्टच नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग उमटते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. ही सोय विंडोज २००० व एक्सपीपासून उपलब्ध झाली खरी, पण पेजमेकरला युनिकोडमधली मराठी कधीच जमली नाही. परिणामी छापखान्यांतले काम पुढेही बरीच वर्षे जुन्याच फॉन्टमध्ये होत राहिले.

पेजमेकरची ७.० ही अखेरची आवृत्ती २००१ सालची. इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फायली उघडण्याची सोय होती; तीही २०१२ च्या सीएस६ या आवृत्तीनंतर काढून टाकण्यात आली. त्यात भर म्हणजे त्या काळच्या अनेक मराठी प्रणाली ‘लॉक’शिवाय चालत नसत. हे लॉक संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लावावे लागे. आजच्या संगणकाला तो पोर्टच नसतो आणि यूएसबीला जोडण्याची प्रिंटरची केबल अशा लॉकला सहसा ओळखत नाही. तात्पर्य, स्मरणिकेची फाइल सीडीवर सुखरूप असली तरी ती वाचणारे यंत्र एकच उरलेले असते. एरवी आपण बॅकअप म्हणतो तो माहितीचा. हा जुना संगणक म्हणजे ती माहिती वाचण्याच्या क्षमतेचा बॅकअप होय.

पण या बॅकअपचे आयुष्य मोजकेच आहे. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला की घड्याळ मागे जाते आणि काही जुन्या यंत्रांत हार्ड डिस्कची नोंदही पुसली जाते. हा सेल स्वस्त असून सहज बदलता येतो. २००० च्या आसपासच्या अनेक मदरबोर्डवरील कपॅसिटर सदोष होते. त्यांची टोके फुगलेली दिसली तर यंत्राचे दिवस भरत आले असे समजावे. हार्ड डिस्क वर्षानुवर्षे बंद राहिली तर फिरेलच अशी खात्री नसते. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात तर आवर्जून, तासभर संगणक सुरू ठेवणे हिताचे. वीज ये-जा करीत असताना मात्र यूपीएसशिवाय तो लावू नये.

इंटरनेटची तार त्याला कदापि जोडू नये. विंडोज ९८ च्या सुरक्षा दुरुस्त्या जुलै २००६ मध्ये आणि एक्सपीच्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक ओलीस धरले तेव्हा मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी अपवाद म्हणून एक दुरुस्ती द्यावी लागली होती. रिझर्व्ह बँकेने तर जून २०१८ मध्ये बँकांना एटीएममधील कालबाह्य कार्यप्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलण्यास सांगितले. पेन ड्राइव्हमधूनही विषाणू येतो, म्हणून या संगणकासाठी एक पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवावा. विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह ओळखण्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, हे अनेकांच्या ऐनवेळी लक्षात येते.

संगणक सुरू आहे तोवर त्यातून दोन गोष्टी काढून घ्याव्यात. पहिली म्हणजे प्रत्येक महत्त्वाच्या पुस्तकाची पीडीएफ, फॉन्ट अंतर्भूत करून. त्यामुळे पान जसेच्या तसे टिकते आणि पुन्हा छापताही येते. मात्र त्या पीडीएफमधला मजकूर शोधता किंवा नक्कल करून वापरता येत नाही. त्यासाठी दुसरे काम करावे लागते: मजकूर साध्या फाइलमध्ये काढून परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये नेणे.

येथे खरी कसोटी लागते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी, हाताने लिहिताना जशी अक्षराच्या डावीकडे काढतात तशी, अक्षराआधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. ‘धर्म’ या शब्दातला रफार जुन्या फाइलीत ‘म’नंतर, तर युनिकोडमध्ये ‘म’च्या आधी असतो. परिवर्तकाला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षरावर वेलांटी व रफार दोन्ही आले की तो अडखळू शकतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ‘र’ हे तर मराठीचे खास दुखणे. हिंदीसाठी बनवलेल्या परिवर्तकांकडून येथे चूक होण्याचा संभव अधिक. म्हणून मूळ छापील प्रत समोर ठेवून मुद्रितशोधन केल्याखेरीज जुनी फाइल पुसू नये. काम कंटाळवाणे आहे, पण तीनशे पानांचे पुस्तक नव्याने टंकित करण्यापेक्षा कितीतरी हलके.

हार्ड डिस्कची पूर्ण प्रतिमा घेऊन ती नव्या संगणकावर आभासी यंत्र म्हणून चालवण्याचाही मार्ग आहे. लॉक नसलेल्या प्रणालींसाठी तो उत्तमच. लॉक असेल तर मूळ यंत्राला पर्याय राहत नाही.

विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, त्यामुळे आणखी पुष्कळ संगणक आता कोपऱ्यात जातील. त्यांतला प्रत्येक राखण्याची गरज नाही. ज्याच्यावाचून एखादी फाइल उघडत नाही तोच ठेवावा; इतरांच्या डिस्क नीट पुसून ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत. राखलेल्या संगणकावर एक कागद चिकटवावा. त्यावर कार्यप्रणाली, मराठी प्रणालीची आवृत्ती, पासवर्ड, लॉक कोणत्या खणात आहे आणि कोणाच्या फायली आत आहेत हे लिहावे. ते आज ज्याला तोंडपाठ आहे तो ऑपरेटर उद्या त्याच खुर्चीवर असेलच असे नाही.