अनोळखी प्रोसेसची विचारपूस : प्रस्तावना

परभणी जिल्ह्यात घरचा संगणक सहसा एकट्या घराचा नसतो. जिंतूर, सेलू, पालम, गंगाखेड, कुठेही पाहा. समोरच्या खोलीतल्या त्याच संगणकावर सकाळी मुलीचा परीक्षेचा अर्ज भरला जातो, दुपारी शेजाऱ्याचा पीकविमा, आणि संध्याकाळी कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन प्रिंट काढायला येतो. विंडोज दुकानदाराने टाकून दिलेली असते, मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर ओळखीतल्या कोणी, अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणखी कोणी. मग एखाद्या दुपारी काहीही चालू नसताना पंखा घोंघावू लागतो. टास्क मॅनेजर उघडला, की चालू प्रोग्रामांची, म्हणजे प्रोसेसची, शंभर-दीडशे नावांची यादी समोर येते. त्यांतली चार ओळखीची. बाकीची कोण?

या प्रश्नाचे उत्तर काढण्याची एक रीत आहे आणि ती शिकायला इंजिनिअर असावे लागत नाही, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. एमएस-सीआयटी करून विसरलेल्यांनीही ती निर्धास्त हाती घ्यावी. वाचकांनी फक्त दोन सवयी बाजूला ठेवाव्यात. एक, नाव अनोळखी दिसले की व्हायरस समजणे. दुसरी, नाव ओळखीचे दिसले की निश्चिंत होणे. माझ्या मते दुसरी सवय जास्त महागात पडते.

नाव बदलून वावरण्याची युक्ती जुनीच. 2 नोव्हेंबर 1988 रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, हजारो युनिक्स संगणकांत शिरला. प्रोसेसच्या यादीत त्याने स्वतःचे नाव ‘एसएच’ असे ठेवले होते. हे युनिक्सच्या रोजच्या शेलचे नाव, त्यामुळे यादी वाचणाऱ्याची नजर त्याच्यावरून घसरून जाई. 2004 साली ‘सॅसर’ या वर्मने विंडोजच्या लॉगिन आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या ‘एलसॅस’मधली फट वापरली. तोतयांनाही ‘एलसॅस’ हे नाव आवडते. इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या ‘एल’ऐवजी मोठ्या लिपीतला ‘आय’ लिहिला, की पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसतात.

तोतये ओळखण्याच्या विद्येला आपल्याकडेही घर आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता पुण्यात संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय काटकर यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. संशयित प्रोग्राम ओळखण्याचे काम मराठी मुलखात दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झाले, हे नवख्या वाचकाने ध्यानात ठेवावे. धीर येतो.

आता रीत. गावात अनोळखी पाहुणा दिसला की आपण त्याला हाकलत नाही. पाव्हणं कुठल्या गावचं, कोणाच्या घरचं, कोणासोबत आलात, काय काम काढलं, अशी विचारपूस करतो. प्रोसेसला हेच चार प्रश्न विचारायचे. तिची फाइल कोणत्या फोल्डरात आहे? तिच्यावर कोणत्या कंपनीची डिजिटल सही आहे? तिला कोणत्या प्रोसेसने सुरू केले? आणि कोणत्या आज्ञेसह? टास्क मॅनेजरमध्ये नावावर उजवी क्लिक करून फाइलची जागा उघडता येते. तिथेच प्रॉपर्टीजमध्ये पुष्कळदा सही दिसते आणि टास्क मॅनेजरच्या तपशिलाच्या टॅबमध्ये कमांड लाइनचा, म्हणजे आज्ञेचा, रकाना जोडता येतो. कोणी कोणाला सुरू केले याचा वंशवृक्ष पाहायचा, तर मार्क रुसिनोविच यांचे मोफत ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ लागते. त्यांची सिसइंटर्नल्सची साधने 2006 पासून मायक्रोसॉफ्टच्याच पदरी आहेत, त्यामुळे ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण ते मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकात आहे. यादीत ‘सीटीएफमॉन’ असे नाव दिसते. अर्थबोध शून्य. ते बंद करून टाका, असे सल्ले वर्षानुवर्षे दिले गेले. विचारपूस केली तर ते विंडोजच्या सिस्टम 32 फोल्डरात राहते आणि सही मायक्रोसॉफ्टची निघते. काम काय, तर इंग्रजीशिवाय इतर भाषांचे कीबोर्ड आणि लेखनपद्धती सांभाळणे. ते बंद केले, तर मराठी कीबोर्ड रुसतो, आणि विंडोज 10 मध्ये सर्चच्या चौकटीतही अक्षर उमटेनासे होऊ शकते. म्हणजे हा घरचाच माणूस. पण गोष्ट इथे संपत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा पथकातील टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दाखवले, की सीटीएफमॉन ज्या यंत्रणेवर चालते तिच्यात सुमारे वीस वर्षे फट होती. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. प्रोसेस अस्सल असली, तरी विंडोज अपडेट बंद ठेवून चालत नाही ते यासाठी.

अंगठ्याच्या मशीनचेही असेच. आधारची पडताळणी करणाऱ्यांच्या संगणकात ‘आरडी सर्व्हिस’ सतत चालू असते आणि 11100 ते 11120 यांपैकी एखाद्या पोर्टवर कान देऊन बसते. नेटवर्कची यादी पहिल्यांदाच पाहणाऱ्याला हे हेरगिरीसारखे वाटते. प्रत्यक्षात ब्राउझरने मागितला की ठसा देण्यासाठी ती तिथे थांबलेली असते. मराठी टायपिंगची काही सॉफ्टवेअरे प्रत्येक कळ मध्येच पकडून तिचे देवनागरी अक्षर करतात. पासवर्ड चोरणारे कीलॉगरही कळा अशाच पकडतात, म्हणून अँटिव्हायरस कधीकधी दोघांना एकाच नजरेने पाहतो. अशा वेळी सही आणि फोल्डर पाहूनच ठरवावे.

‘एसव्हीसीहोस्ट’ पन्नास-साठ वेळा दिसले म्हणून घाबरू नका. विंडोजच्या सेवा याच नावाखाली चालतात, आणि 2017 पासून साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर बहुतेक सेवांना वेगवेगळी प्रोसेस मिळते. मात्र तेच नाव टेम्प किंवा डाउनलोड्स फोल्डरातून चालत असेल, तर ते तोतया आहे.

खरा चोर कसा दिसतो, याची प्रकरणे पुढे आहेत. इथे दोन खुणा पुरेत. फुकटात विंडोज चालू करून देणाऱ्या ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ सोबत पुष्कळदा क्रिप्टो नाणी खणणारा प्रोग्राम येतो. त्याच्यामुळे प्रोसेसर शंभर टक्क्यांना भिडतो आणि विजेचे बिल तुम्ही भरता. त्यांतले काही इतके धूर्त, की टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसतात. पंखा तेवढ्यापुरता शांत होत असेल, तर ती शांतता हाच पुरावा समजावा. दुसरी खूण अधिक बारीक. पॉवरशेल हा आज्ञा चालवणारा विंडोजचाच प्रोग्राम, सही अस्सल, फोल्डर अस्सल. पण मेलने आलेली एक्सेलची फाइल उघडली आणि एक्सेलनेच पॉवरशेल सुरू केले, सोबत लांबलचक अगम्य आज्ञा, तर पहिले दोन प्रश्न निरुपयोगी ठरतात. उत्तर तिसऱ्या आणि चौथ्यात असते. चार प्रश्न एकत्रच विचारायचे ते म्हणून.

वाचकांनी सुरुवात आजारी संगणकापासून करू नये. तुमचा संगणक ठणठणीत असताना एका निवांत संध्याकाळी यादी उघडा, रोज दिसणारी नावे फोल्डरासह वहीत उतरवा. निरोगी यादी ज्याला ठाऊक, त्याला नवे नाव आपोआप टोचते. एखाद्या प्रोसेसची शंका आली तर प्रोसेस एक्सप्लोररमधूनच तिच्या फाइलचा हॅश, म्हणजे ओळखखूण, व्हायरसटोटल या संकेतस्थळाकडे पाठवता येतो. तिथले सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस काय म्हणतात ते कळते. एखाद-दुसऱ्याने बोट दाखवले म्हणून फाशी देऊ नये, पण तीस-चाळीस जण एकच सांगत असतील तर वाद घालू नये. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातही 2017 पासून सफाईची साधने मोफत मिळतात. आणि ‘एंड टास्क’ हे शेवटचे बटण समजा. विंडोजच्या गाभ्यातल्या ‘सीएसआरएसएस’सारख्या प्रोसेसवर ते दाबून पाहणाऱ्यांना निळा पडदा पाहायला मिळाला आहे.

कसलेले चोर स्वतःला या यादीतूनच लपवतात, त्यांचा विचार शेवटच्या प्रकरणात केला आहे. तोवर एवढे पाळा. खात्यातून पैसे गेले असतील, तर प्रोसेस शोधत बसू नका. इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला कळवा, बँकेला सांगा, आणि मग ही पुस्तिका उघडा.