अमेरिकी व्यंगपटांना आवाज फुटला तेव्हा

व्यंगपटाला ध्वनीची जोड देण्याचे प्रयोग मॅक्स फ्लायशर यांनी १९२४ पासूनच केले होते. पण या माध्यमाला खरी कलाटणी दिली ती वॉल्ट डिस्ने यांच्या ‘स्टीमबोट विली’ने. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये तो झळकला. सेकंदाला २४ चौकटी हे गणित धरून विल्फ्रेड जॅक्सन यांनी मेट्रोनोमच्या ठोक्यांशी चित्रांचा मेळ घातला. त्यात शेळी स्वरलिपीचे कागद गिळते आणि मिनी माउसने शेळीची शेपटी फिरवताच तिच्या तोंडून सूर निघू लागतात. पुढे १९२९ मध्ये ‘द स्केलेटन डान्स’मधले सांगाडे कार्ल स्टॉलिंग यांच्या संगीतावर नाचले. १९३० मध्ये वॉर्नर ब्रदर्सची ‘लूनी ट्यून्स’ मालिका सुरू झाली आणि फ्लायशर यांची बेटी बूप पडद्यावर आली. १९३२ च्या रंगीत ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ने व्यंगपटासाठीचे पहिले ऑस्कर पटकावले.