नोकरी सांभाळून एलएलबी करायचंय? वय आडवं येत नाही, मग काय येतं?

हिंगणघाटमध्ये तहसील, बँक, शाळा किंवा कापसाच्या व्यापारात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला कधीतरी वाटून जातं, की आपण वकील व्हायला हवं होतं. फेरफार, वाटणीपत्रं, चेक बाउन्सच्या नोटिसा रोज डोळ्यांखालून जात असतात. मग पहिला प्रश्न येतो: चाळिशीत एलएलबीला प्रवेश मिळतो का?

मिळतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2008च्या नियमांत तीन वर्षांच्या एलएलबीसाठी 30 वर्षांची वयोमर्यादा घातली होती. राखीव प्रवर्गांना त्यात पाच वर्षांची सूट होती. ही अट पुढे मागे घेतली गेली, 2016 मध्ये परत आली आणि मार्च 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सनद घेण्याच्या वयाचंही तसंच झालं. 45 वर्षं पूर्ण झालेल्यांना सनद द्यायची नाही असा नियम 1993 मध्ये कौन्सिलने केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये रद्द केला. म्हणजे निवृत्तीनंतर काळा कोट चढवायलाही कायद्याची आडकाठी नाही.

पात्रता काय लागते?

कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यात खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, ओबीसींना 42 आणि एससी-एसटींना 40 टक्के हवेत. महाराष्ट्रात प्रवेश सीईटी सेलच्या परीक्षेतून होतो. तीन वर्षांच्या कोर्सच्या सीईटीत गणित नसतं आणि प्रश्नपत्रिका मराठीतही असते. पंधरा वर्षांनी पुन्हा परीक्षा देणाऱ्याला हा मोठा दिलासा आहे.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. तुमची पदवी मुक्त विद्यापीठाची असेल, तर त्याआधी बारावी झालेली आहे का? बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बीए केलेल्यांना बार कौन्सिलच्या नियमानुसार एलएलबीला प्रवेश मिळत नाही. नोकरी करता करता शिकलेले लोक नेमके इथेच अडकतात, आणि हे अनेकदा कागदपत्रं तपासताना कळतं.

खरी अडचण कुठे आहे?

हजेरीत. 'घरबसल्या एलएलबी'च्या जाहिराती दिसतात, पण पत्रव्यवहाराने किंवा दूरस्थ पद्धतीने केलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. नियमानुसार सेमिस्टर किमान 15 आठवड्यांचं आणि आठवड्याला किमान 30 तासांचं हवं. म्हणजे एका सेमिस्टरला 450 तास. प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते, म्हणजे साधारण 315 तास. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य एखाद्या विषयात 65 टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतात, पण तेव्हाही सगळे विषय मिळून 70 टक्के भरावेच लागतात. अशी सहा सेमिस्टर.

आता यात प्रवास धरा. हिंगणघाट राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं आणि विद्यापीठाचं स्वतःचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय नागपुरात आहे. अंतर सुमारे 75 किलोमीटर, एका बाजूला दीड ते दोन तास. नियमानुसार वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत घ्यायचे असतात. दहा ते सहाची ड्युटी असलेल्याचं गणित इथेच बिघडतं.

'नाव टाकून ठेवा, हजेरीचं बघू' असा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकण्याआधी सप्टेंबर 2024चं बार कौन्सिलचं परिपत्रक लक्षात घ्या. त्यात कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्ही लावायला सांगितलंय. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने नोकरीची माहिती द्यायची आणि मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र जोडायचं, असंही त्यात आहे. कमी हजेरीमुळे कोणाला परीक्षेला बसण्यापासून रोखू नये, असं दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये म्हटलं. पण त्या एका निकालाच्या भरवशावर नागपुरात तीन वर्षांचा डाव लावणं शहाणपणाचं वाटत नाही. एलएलबीबरोबर दुसरी नियमित पदवी करण्यालाही बार कौन्सिलची मनाई आहे.

पदवी मिळाली, आता नोकरी आणि वकिली दोन्ही?

नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलचा नियम त्याहून कडक आहे: दुसरा व्यवसाय चालू असेल तरी सनद नाही. डॉ. हनिराज चुलानी हे मुंबईत 1970 पासून प्रॅक्टिस करणारे सर्जन. त्यांनी एलएलबी केलं, 1991 मध्ये पदवी घेतली आणि डॉक्टरकी चालू ठेवून सनद मागितली. कौन्सिलने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1996 मध्ये तिथेही ते हरले. वकिलीला पूर्ण वेळ द्यावा लागतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. डॉक्टरकी सोडली असती तर सनदेची वाट मोकळी होती.

म्हणून प्रवेशाच्या आधीच घरी बसून ठरवायला हवं. पदवी ऑफिसातल्या कामासाठी किंवा बढतीसाठी हवी असेल, तर सनदेचा प्रश्नच येत नाही आणि पगार चालू राहतो. हिंगणघाटच्या कोर्टात उभं राहायचं असेल, तर पगार कोणत्या महिन्यापासून बंद होणार आणि त्यानंतर किमान दोन-तीन वर्षं घर कशावर चालणार, हे लिहून काढा. नव्या वकिलाला सुरुवातीला सीनियरकडे फार काही मिळत नाही, हे कोणताही वकील सांगेल. न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर मे 2025च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केलीय, आणि तिथे वयाची अट लागते.

सनदेचा खर्च मात्र कमी झालाय. राज्याची बार कौन्सिल खुल्या प्रवर्गाकडून 750 आणि एससी-एसटींकडून 125 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये सांगितलं. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते.

सीईटीची नोंदणी अलीकडे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होते. त्याआधी दोन कामं उरकून घ्या: बारावीची मार्कशीट शोधा आणि ऑफिसात ना हरकत प्रमाणपत्राचा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.