लाइफ जॅकेट खुंटीला टांगलंय, पण ते वेळेला फुगेल का? होडीत बसण्याआधी घरीच करा तपासणी

जुन्नर/आंबेगाव : चांगला पाऊस झालेल्या वर्षी डिंभे, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज ही आपली सगळी धरणं काठोकाठ असतात. कुणी जाळं टाकायला होडीत बसतं, कुणी फुगवट्यातली मोटर सरकवायला, कुणी पलीकडच्या वाडीला जायला. डिंभ्याच्या पाण्यात जुनं आंबेगाव गेलं, तेव्हापासून पश्चिम पट्ट्यातल्या लोकांचा होडीशी संबंध हौसेचा नाही, गरजेचा आहे. सुट्टीत पुण्या-मुंबईचे पाव्हणे आले की मग लेकराबाळांसकट सगळं कुटुंब होडीत बसतं.

हे धोक्याचं किती आहे ते सांगायला लांब जायची गरज नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एकच पोहत काठाला आला. गेलेल्या सहांत नवरा-बायको आणि त्यांची दोन लहान लेकरं होती. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यात वर्धा नदीत होडी बुडून ११ जण गेले, सगळे एकमेकांचे नातेवाईक.

अशी बातमी आली की गावोगाव जॅकेटं खरेदी होतात. मग ती खुंटीला टांगली जातात किंवा कांदा चाळीच्या कोपऱ्यात पडतात. दोन वर्षांनी काढून अंगात घातली की माणूस निर्धास्त होतो, आणि खरी भीती तिथंच आहे. जॅकेट अंगावर असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं.

जॅकेटं दोन जातीची. एक फोमचं, केशरी रंगाचं, जाडजूड. आपल्याकडं बहुतेक हेच दिसतं. दुसरं फुगणारं. हे गळ्यात पट्ट्यासारखं बसतं, हलकं असतं, काम करताना अडचण होत नाही, म्हणून हल्ली ऑनलाइन मागवणारे वाढलेत. कुणाचा परदेशातला भाचा पाठवून देतो. फोमचं जॅकेट निदान डोळ्यांनी ओळखता येतं, फाटलं तर फाटलेलं दिसतं. फुगणारं मात्र वरून कोरं करकरीत दिसतं आणि आतून मेलेलं असू शकतं.

त्याचं काम समजून घ्या. आत रबरी ट्यूबसारखी पिशवी घडी घालून ठेवलेली असते. तिला गॅसचा हातभर नव्हे, बोटभर सिलिंडर जोडलेला असतो. त्यात कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोड्याच्या बाटलीतला गॅस. दोरी ओढली की आतली सुई सिलिंडरचं तोंड फोडते आणि काही सेकंदात पिशवी फुगते. काही जॅकेटांत दोरी ओढावी लागत नाही. पाण्यात विरघळणारी गोळी असते, ती विरघळली की स्प्रिंग सुटते आणि सुई आपोआप लागते. मोठ्या माणसाच्या जॅकेटात साधारण ३३ ग्रॅम गॅस असतो. तेवढ्यात १५ किलोच्या वर उचल मिळते. शिवाय तोंडाने फुंकायची नळी असते, गॅस फसला तर तीच शेवटचा आधार.

आता तपासणी. पहिला नंबर सिलिंडरचा. तो हाताने फिरवून बाहेर काढा आणि त्याचं तोंड उजेडात बघा. टोकाला टाचणीएवढं जरी भोक दिसलं तरी तो वापरून झालेला आहे. एकदा फुगलेलं जॅकेट पुसून, घडी घालून, तोच रिकामा सिलिंडर लावून ठेवलेलं असलं तर वरून काहीच कळत नाही. सेकंड हॅण्ड जॅकेट घेताना तर हे आधी बघा. सिलिंडरला गंज चढला असेल तरी तो बाद.

भोक नसलं तरी वजन करा. सिलिंडरच्या अंगावर भरलेलं एकूण वजन ग्रॅममध्ये कोरलेलं असतं. किराणा दुकानाच्या काट्यावर हे नीट कळणार नाही, कारण फरक दोन ग्रॅमचा जरी आला तरी गॅस गळतोय असं धरायचं. नारायणगावला, मंचरला बाजाराला जाल तेव्हा ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर टाका. दोन मिनिटांचं काम.

दुसरी तपासणी पिशवीची. ती पंक्चरवाल्याला शिकवावी लागणार नाही. सिलिंडर काढलेलाच आहे, गोळीही काढून ठेवा. मग नळीतून तोंडाने फुगवा, टणक होईपर्यंत. पंप लावू नका, शिवण उसवते. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी मऊ पडलं असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठं येतात ते बघा. नळीच्या झडपेतून येत असतील तर कधी कधी आत कचरा असतो, साफ करून पुन्हा बघता येतं. पिशवीतून किंवा शिवणीतून येत असतील तर सायकलच्या ट्यूबसारखा पॅच मारायचा नाही. ते जॅकेट संपलं. हवा काढताना नळीचं टोपण उलटं करून झडप दाबायची असते. हवा पूर्ण निघाल्यावर टोपण सरळ करायला विसरू नका, उलटं राहिलं तर फुगलेलं जॅकेट पुन्हा बसेल.

तिसरी गोष्ट गोळीची. तिच्यावर किंवा तिच्या डबीवर तारीख असते, ती उलटली की बदलायची. आपल्या पश्चिम पट्ट्यातला पाऊस तर सगळ्यांना माहीत आहे. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या भागात जून ते सप्टेंबर घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. तिथं गोळीचं जॅकेट ओल्या पोत्यात ठेवलं तर ते आपोआप फुगून बसायची शक्यता असते. पावसाळ्यात ते कोरड्या डब्यात ठेवा. गोळी आणि सिलिंडर जोडीनेच मिळतात, पण त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे पाहिजेत. दुसऱ्याचा आटा बसला म्हणजे काम झालं असं नाही. जॅकेट मागवताना सुटा संच मिळतो का हे आधी विचारा. नाहीतर एकदा फुगल्यावर ते नुसतं गळ्यातलं कापड.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे फुगणारं जॅकेट लहान मुलांसाठी नाही. अनेक जॅकेटांच्या लेबलवरच १६ वर्षांखालच्या मुलांना चालणार नाही असं छापलेलं असतं. आणि माझं स्पष्ट मत, ज्याला पोहता येत नाही त्यानेही त्याच्या नादी लागू नये. पाण्यात पडल्यावर घाबरलेल्या माणसाला दोरी सापडेलच असं नाही. पाहुणे, बायाबापड्या, म्हातारी माणसं, पोरं, सगळ्यांना फोमचंच घाला. पट्टीचा पोहणारा मच्छीमार असेल तर त्याने फुगणारं वापरावं, आणि तेही रेनकोटच्या वरून. आतून घातलं तर फुगताना छाती आवळते.

मुलांचं जॅकेट वयावर नाही, वजनावर घेतात. किती किलोला ते लेबलवर असतं. मोठ्याचं जॅकेट पट्टे आवळून पोराला घालणं म्हणजे पोतं घालणं, पाण्यात जॅकेट वर राहतं आणि पोर खालून निसटतं. घालून झाल्यावर दोन्ही खांदे धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. दोन पायांमधून जाणारा पट्टा पाहिजेच. तान्ह्या लेकराला मात्र कुठलंही जॅकेट असलं तरी हौसेपायी होडीत नेऊ नका.

फोमच्या जॅकेटची परीक्षा सोपी. अंगठ्याने दाबा, फोम परत वर आला पाहिजे. खड्डा राहिला किंवा आत चुरा लागला तर ते गेलं. होडीत जॅकेटवर बसायची सवय अनेकांना आहे, त्यानेच फोम चेपतो. घरात जुनं ५ किलोचं लोखंडी वजन असेल तर ते मोठ्या माणसाच्या जॅकेटला बांधून हौदात सोडा. तासाभराने तरंगत असलं पाहिजे. बुडालं तर त्यावर माणसाचा भरवसा कसा ठेवायचा? रंग उडून फिकट झालेलं जॅकेट उन्हाने कुजलेलं असतं, पट्टा दोन हातांनी जोरात ओढून बघा. बकल तुटल्यावर सुतळी बांधून वेळ मारून नेऊ नका. नवीन घेताना आयएसओ १२४०२ किंवा आयआरएसचा शिक्का बघा.

ठेवायची जागाही बघा. उंदीर फोम कुरतडतात. फवारणीचा पंप, युरिया, डिझेल यांच्या शेजारी जॅकेट नको. वापरून झालं की साध्या पाण्याने धुवा (गोळीवालं असेल तर गोळी काढूनच), सावलीत वाळवा आणि रुंद हँगरला टांगा.

बाद झालेलं जॅकेट उकिरड्यावर टाकलं तर कुणाचं तरी पोर उचलून पाण्यावर नेतं. पट्टे कापून, पिशवी फाडूनच टाका. केशरी कापड बुजगावण्याला चांगलं चालतं.