लकव्याची गुठळी आणि जालन्याहून पुढची वाट

मेंदूच्या मोठ्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली की पुढच्या भागाचे रक्त तुटते आणि दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. जालना जिल्ह्यात या आजाराला लकवा म्हणतात. विसावे शतक सरत येईपर्यंत अशा गुठळीवर जगात कुठेच खात्रीचा इलाज नव्हता; घरच्यांच्या हाती मालीश आणि शुश्रूषा एवढेच होते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांच्या आत दिले तर उपयोगी पडते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसले. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. मोठ्या धमनीतली लांब गुठळी मात्र इंजेक्शनला बहुधा दाद देत नाही.

ती ओढून काढणाऱ्या ‘मर्सी’ या साधनाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची, बुचाच्या स्क्रूसारखी वेटोळी तार गुठळीत रुतवायची आणि ओढायची, अशी ती रीत. पाठोपाठ गुठळी शोषून घेणारी नळी आली. धमनीवरच्या फुगवट्याच्या उपचारासाठी बनवलेली ‘सॉलिटेअर’ जाळी २००८ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टला गुठळी काढण्यासाठी वापरली गेली. जाळी गुठळीत उघडते, गुठळी तारांत गुंतते आणि दोन्ही एकदमच बाहेर येतात.

तरीही २०१३ मध्ये तीन चाचण्यांचे निष्कर्ष निराशाजनक निघाले. साधने बहुतांशी जुनी होती, उपचाराला उशीर होत होता आणि मोठी धमनी खरोखर बंद आहे की नाही हे सर्व रुग्णांत आधी तपासलेले नव्हते. या अपयशातून घेतलेला धडा मोलाचा ठरला. नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या ‘एमआर क्लीन’ चाचणीत आधी धमनीची प्रतिमा पाहिली गेली आणि बहुतेकांना जाळी वापरली गेली. तीन महिन्यांनी स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण १९.१ टक्क्यांवरून ३२.६ टक्क्यांवर गेले. २०१५ मध्ये आणखी चार चाचण्यांनी तेच सांगितले. २०१८ पर्यंत स्कॅन पाहून निवडलेल्या काही रुग्णांसाठी गुठळी ओढून काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत वाढली. तो आकडा सर्वांना लागू नाही.

पण या सगळ्याचा उपयोग रुग्ण वेळेत पोचला तरच. जालना १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, तरी गंभीर रुग्णांची वाट सुमारे ६० किलोमीटरवरच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, घाटी रुग्णालयाकडेच राहिली. परतूर-मंठ्याच्या रुग्णाला तर त्याआधी जालना गाठावे लागते. २०१४ मध्ये १०८ रुग्णवाहिका आली, डिसेंबर २०२२ मध्ये जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला आणि २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रस्ता सुधारला, पण वेळ सर्वांत जास्त वाया जातो तो घरीच, ‘सकाळी बघू’ म्हणण्यात. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून स्कॅन होईल असे जवळचे रुग्णालय आधी गाठायचे, योग्य असेल तर इंजेक्शन तिथेच घ्यायचे आणि जाळीच्या उपचारासाठी लगेच पुढे निघायचे, हा क्रम महत्त्वाचा आहे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर घड्याळात वेळ पाहून ठेवावी आणि त्याच क्षणी १०८ ला फोन करावा.