ब्रासचे माप आणि ट्रकचे वजन

महाराष्ट्रात वाळू, खडी आणि मुरूम आजही ब्रासने विकले जातात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आणली, पण इंग्रजी फुटांवर बेतलेले हे माप टिकले. कारण ट्रकच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजता येते; काट्याची गरज पडत नाही.

खरी अडचण घनतेची. कोरड्या वाळूचा घनमीटर साधारण १.६ टन भरतो, म्हणजे ब्रासला साडेचार टन. किंचित दमट वाळू मात्र फुगते. कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे तिचे आकारमान पाव हिश्श्यानेही वाढते. तेव्हा ब्रास पुरा दिसतो, पण त्यात वाळू कमी असते. पूर्ण भिजलेली वाळू पुन्हा दबते आणि जड होते. ग्राहकाचे नुकसान दमट वाळूत, रस्त्याचे भिजलेल्या वाळूत.

कायदा वजनच पाहतो. तीन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २०१८ मध्ये २५ वरून २८.५ टन झाली. रिकामी गाडी दहा टनांची धरली, तर कोरडी वाळू चार ब्रासच बसते, हौदा कितीही मोठा असला तरी. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये केला.