पाखरासाठी बाणाचं पातं कोणतं?

देगलूर तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं देऊळ आहे. बहुतेक जण तिथल्या सुरसुंदरींचे फोटो काढतात आणि परततात. याच चालुक्य घराण्यातल्या एका राजाने शिकारीवरही लिहून ठेवलंय, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

त्याचं नाव सोमेश्वर तिसरा. राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण. देगलूरहून उदगीर-भालकीच्या वाटेनं गेलं की येतंच. ११२९ च्या सुमारास त्याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. त्यात राजाचे वीस 'विनोद' सांगितले आहेत. विनोद म्हणजे इथे करमणूक. त्यात मृगया आहे, ससाण्याकडून पाखरं धरण्याचा श्येनविनोद आहे आणि लाव्यांच्या झुंजींचा लावकविनोदही आहे. राजाला जेवायची ददात नव्हती. पाखरू हाती लागलं नाही, तरी त्याचं काही बिघडत नव्हतं.

ज्याचं बिघडत होतं, त्याच्यासाठी मात्र प्रश्न रोकडा होता: पाखरू मारायचं तर बाणाला टोक कुठलं लावायचं?

जुन्या धनुर्वेदाच्या ग्रंथांत बाणांच्या टोकांची यादीच आहे. आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड... प्रत्येकाचं काम ठरलेलं. सुईसारखं सूचीमुख चिलखत भेदायला, चंद्रकोरीसारखं अर्धचंद्र मान उडवायला. पण ही यादी रणांगणाची आहे. समोर माणूस उभा आहे, असं ती गृहीत धरते.

पाखराचं गणित वेगळं असतं. मोठा पक्षी दिसतो मोठा, पण त्यातला बराचसा भाग नुसती पिसं. काळीज आणि फुप्फुसं मिळून जेमतेम मुठीएवढी जागा. बारीक टोकाचा बाण तिथे लागला नाही, तर आरपार जातो आणि जखमी पक्षी दूर झुडपात जाऊन मरतो. पक्षीही गेला, बाणही गेला.

अमेरिकेत क्रॉसबोने टर्कीची शिकार करणारे आजही याच पेचात असतात. त्यांच्यापुढे दोन वाटा. अंगावर नेम धरायचा, तर आदळताच उघडणारी रुंद पाती घ्यायची, म्हणजे नेम थोडा चुकला तरी जखम मोठी होते. नाहीतर लांब आडव्या पात्यांचं टोक घेऊन थेट मानेवर नेम धरायचा. लागला तर पक्षी जागीच पडतो, चुकला तर साफ निसटतो. ही दुसरी वाट म्हणजे आपलं अर्धचंद्रच.

टर्की आपल्याकडची नाही. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने ती गोव्याहून जहांगीराच्या दरबारात आणली, तेव्हा ती इतकी नवलाची होती की उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं. दख्खनच्या माळावरचा मोठा पक्षी म्हणजे माळढोक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याखालोखाल मोर, मग तितर आणि लावे.

या लहान पाखरांसाठी गरीब शिकाऱ्याने तिसरीच वाट काढली. धार नको, टोकच बोथट ठेवायचं. भिल्लांसारख्या धनुर्धर जमातींमध्ये पाखरांसाठी असे बोथट बाण असत. पाखरू दणक्याने पडतं, मांस फाटत नाही, बाण परत वापरता येतो. याच विचाराची पुढची पायरी म्हणजे गलोल. तिचं जुनं रूप धनुष्यासारखंच, फक्त दोरीच्या मधोमध छोटी झोळी. बाणाऐवजी मातीची वाळवलेली गोळी. लोखंडाला पैसे लागतात, माती फुकट मिळते.

फासेपारध्यांनी तर बाणच बाजूला ठेवला. घोड्याच्या केसांचे किंवा जनावराच्या स्नायूंच्या तंतूंचे फास जमिनीलगत ओळीने लावायचे, तितराचा आवाज काढायचा, शिकवलेल्या जनावराच्या आडोशाने पाखरांना हळूहळू तिकडे वळवायचं. पाखरू जिवंत हाती येतं, म्हणून बाजारात विकताही येतं. हत्यार हीच त्यांची ओळख झाली. फास लावणारे ते फासेपारधी, चित्ता पाळून त्याच्याकडून हरीण धरवणारे ते चित्तापारधी. जात्याला टाकी लावणारे टाकणकारही त्यांच्यातलेच.

मग इंग्रजांचं राज्य आलं, आणि शिकार कोण करतो यावर तिचा अर्थ ठरू लागला. दख्खनच्या पक्ष्यांची नोंद करणाऱ्या कर्नल साइक्सने एका साहेबाने हजारभर माळढोक मारल्याचं लिहून ठेवलंय. तो साहेब शौकीन ठरला. इकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरवायची सोय केली, आणि पुढे पारधीही त्या यादीत आले. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत झाली. तिथल्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. देगलूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तिथेही बंदुकीची शिकार हा नवाब-उमरावांचा मान होता.

१९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. कागदावरून गेला, लोकांच्या नजरेतून गेला नाही. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात फास लावणं, पकडणं हेही शिकारच. कायदा गरजेचाच होता. तोवर माळढोक संपत आला होता, १९७९ मध्ये त्याच्यासाठी नान्नजला अभयारण्य करावं लागलं. पण पाखरांचा आवाज, वाट आणि वेळ ओळखणाऱ्या माणसांना त्या कायद्याने पोटाचा दुसरा धंदा दिला नाही. माळ ओसाड कुणी केले, हा प्रश्न विचारताना बोट मात्र आधी त्यांच्याकडेच वळलं.

सोमेश्वराचा ग्रंथ १९२५ पासून बडोद्याहून छापून निघाला. श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला, म्हणून राजाचे ससाणे आणि लावे आपल्याला आजही वाचता येतात. त्याच काळात फासेपारध्याचं नाव मात्र पोलिसांच्या हजेरीबुकात लिहिलं जात होतं. कुठल्या पाखराला कुठला फास लागतो, हे त्या बुकात कुणी टिपून घेतलं नाही.